खान्देशात मोठ्या माणसांचं समुपदेशन सुरू करताना

एम.ए. मानसशास्त्र किंवा एम.एस.डब्ल्यू. झालं, समुपदेशनाची पदविका घेतली, जळगाव-धुळ्यात ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळपुरती एक खोली मिळाली. आता समोर माणूस येऊन बसल्यावर नक्की करायचं काय? पुस्तकात पद्धती ढीगभर असतात आणि समोरचा माणूस त्यातल्या एकाही प्रकरणात नीट बसत नाही. हा लेख त्या पहिल्या वर्षासाठी आहे. शाळेतल्या मुलांचं काम वेगळं. इथे फक्त अठरा वर्षांपुढच्या माणसांबद्दल बोलतोय.

माझं म्हणणं साधं आहे. नातं आधी जमवा, तंत्र नंतर काढा, आणि काढताना समोरच्याला विचारून काढा. आपल्याकडे हे विशेष गरजेचं, कारण खान्देशात सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. तुमच्याकडे येण्याआधी त्या माणसाला भाऊबंदांनी, सोसायटीच्या चेअरमननी, कीर्तनकार महाराजांनी आणि जावयाने सल्ला देऊन झालेला असतो. त्यात तुमची भर नको.

हा विचार आला कुठून

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी ते रॉचेस्टर शहरात मुलांसाठीच्या एका केंद्रात काम करत. तिथला एक प्रसंग त्यांनीच पुढे सांगितला आहे. एका उपद्रवी मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचं मूळ आईने त्याला लहानपणी झिडकारण्यात आहे, असं रॉजर्स यांना दिसत होतं. ते तिला पटवून द्यायचा त्यांनी भेटीमागून भेटी प्रयत्न केला. पटलं नाही. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. बाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, इथे मोठ्या माणसांचंही समुपदेशन करता का? हो म्हटल्यावर त्या परत खुर्चीत बसल्या आणि आपल्या संसाराबद्दल, नवऱ्याशी बिनसल्याबद्दल, हरल्यासारखं वाटण्याबद्दल बोलू लागल्या. आधी लिहून घेतलेल्या केस हिस्ट्रीत यातलं फारसं काही नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं, आणि पुढे त्या सावरल्या, मुलगाही.

कुठे दुखतंय आणि कुठल्या वाटेने जायचं, हे त्या माणसालाच जास्त कळतं, हा रॉजर्स यांच्या पद्धतीचा पाया. १९५७ साली त्यांनी बदल घडण्यासाठीच्या सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन सगळ्यांना पाठ असतात: समुपदेशकाचा सच्चेपणा, बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं समजून घेणं. उरलेल्यांतली सहावी मात्र विद्यार्थी विसरतात. हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्यापर्यंत थोडीतरी पोचली पाहिजे. तुमच्या मनात कितीही माया असो. तुम्ही खाली मान घालून पंचनामा केल्यासारखं लिहीत बसलात, तर चोपड्याहून आलेल्या माणसाला त्यातलं काहीच कळणार नाही.

रॉजर्स यांच्या मते या अटी पुरेशा होत्या. एकात्मिक पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतींतलं जोडून काम करणारे म्हणतात, अटी हव्यातच, पण प्रत्येकाला तेवढ्याने भागेल असं नाही. कुणाला श्वासाचा सराव लागेल, कुणाला विचार तपासायला शिकावं लागेल, कुणाला औषध लागेल. एकात्मिक म्हणजे सगळ्याची मिसळ नव्हे. नव्या माणसाने एक घर पक्कं धरावं, इथे ते रॉजर्स यांचं, आणि गरजेपुरती हत्यारं बाहेरून आणावीत.

महाराष्ट्रात यात एक अडचण येते. कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलणारी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत चांगली रुजली आहे, आणि ती चांगलीच पद्धत आहे. पण अनेक नवे समुपदेशक पहिल्याच भेटीत समोरच्याचे अविवेकी विचार खोडायला लागतात. माणूस अजून अर्धंही बोललेला नसतो. धीर धरा. ते हत्यार पिशवीत आहेच.

पहिला माणूस येण्याआधी

स्वतःला काय म्हणवून घेता ते तपासा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नसेल तर पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू नका. लोक तुम्हाला 'डॉक्टर' म्हणणारच. एकदा नीट सांगा की मी डॉक्टर नाही, औषध देत नाही.

मग फोन नंबरांची एक वही करा, आणि ती कोरी असेपर्यंत कुणालाही वेळ देऊ नका. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे आपल्यापासून लांबच. म्हणून जवळचं काय आहे ते आधी माहीत हवं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीचे वार स्वतः जाऊन विचारून या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं कोण, तेही बघा. सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. सखी वन स्टॉप सेंटर आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी यांना एकदा प्रत्यक्ष भेटून ठेवा. नुसत्या नंबरापेक्षा ओळखीचा उपयोग फार होतो.

खोलीचं म्हणाल तर आवाज बाहेर जाऊ नये, एवढं आधी बघा. मे महिन्यात दार-खिडकी लावून बसणं इथे शिक्षाच, पण कूलरची घरघर अशा वेळी फायद्याची ठरते. बाहेर बाकावर बसलेल्याला काही ऐकू जात नाही. बाकावर दोन माणसं एका वेळी येणार नाहीत अशा वेळा द्या. जळगावातही वेटिंगमध्ये चुलत मामा भेटतो. आणि वेळ देताना शेवटची एस.टी. कितीची, हे विचारा. घड्याळाकडे बघणारा माणूस मनातलं बोलत नाही.

सोबत आलेली मंडळी

मोठी माणसं आपल्याकडे एकटी फारशी येत नाहीत. सोबत नवरा, दीर, मोठा मुलगा, कधी अख्खी क्रूझर. आणि सोबतचाच बोलायला लागतो: "मॅडम, हिला काहीच टेन्शन नाहीये, उगाच रडत असते."

त्यांना बाहेर हाकलू नका. आणलंय त्यांनी, भाडं त्यांनी भरलंय, पुढच्या वेळी आणायचं की नाही तेही बहुतेक वेळा तेच ठरवणार. आधी पाच-दहा मिनिटं सगळ्यांना आत घ्या, त्यांना काय वाटतं ते ऐका. मग सरळ सांगा: "दादा, तुमचं ऐकलं, उपयोग होईल. आता मी ताईंशी एकट्याशी बोलते. सगळ्यांशी असंच करते." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, नियम सगळ्यांना आहे म्हटलं की कुणाचा मान दुखावत नाही. दीर उठायलाच तयार नसेल तर तीही माहितीच आहे. त्या दिवशी ताईंना काही खोलातलं विचारू नका. पुढची भेट एकटीने कशी जमेल, ते बघा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा आईबरोबर येऊन मोकळेपणाने बोलणाऱ्या बायका भेटतात. त्या आठवड्यात शक्यतो सुट्टी घेऊ नका.

दारं लागल्यावर गोपनीयतेचं बोला, आणि साध्या भाषेत: "इथलं मी तुमच्या घरी, गावात, डॉक्टरांनाही तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नाही. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही. तेव्हाही आधी तुम्हाला सांगेन." पॉक्सो कायद्यात अशी माहिती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. हे बोलणं दोन मिनिटांचं असतं, पण ते पहिल्या भेटीतच व्हायला हवं. नंतर सांगितलं तर फसवणूक वाटते.

ऐकणं

लेखातला सगळ्यात मोठा भाग याच्यासाठी ठेवलाय.

समजा, यावल तालुक्यातले पंचेचाळिशीचे एक केळी उत्पादक आलेत. फिजिशियननी पाठवलंय. छातीत दडपतं, झोप नाही. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. ते म्हणतात, "रिपोर्ट चांगले आहेत म्हणतात. मग मले होतं तरी काय?"

नवा समुपदेशक इथे ताणाचं शरीरशास्त्र समजावायला घेतो. त्याऐवजी: "रिपोर्ट चांगले आले, पण त्रास तर खराच आहे." आणि थांबा. आपल्याला नऊ-दहा सेकंदांची शांतता जड जाते. त्यांना जात नाही. बांधावर बसणारी माणसं सवयीने हळू बोलतात. बहुतेकदा पुढचं वाक्य तेच बोलतात: जूनच्या वादळात घडांनी भरलेला बाग आडवा झाला. मग विम्याचं. मग रावेरचा केळीचा भाव. मग बऱ्याच उशिराने, मुलीचं लग्न जमलंय ते.

इथे समानुभूती म्हणजे "मला समजतं तुमचं दुःख" असं म्हणणं नव्हे. ते कुणीही म्हणतं. त्यांच्या बोलण्यातून तुम्हाला काय कळलं ते त्यांच्यापुढे ठेवायचं, चुकलं तर ते दुरुस्त करतील अशा बेताने: "बाग गेला त्याचं आहेच. पण मुलीच्या सासरी काय तोंड दाखवू, हे जास्त टोचतंय असं वाटलं मला. बरोबर आहे का?" ते म्हणतील, "तसं नाही. पोरीले कळू नये, एवढंच." बघा, किती वेगळं निघालं. तुमचा अंदाज चुकला म्हणून बिघडलं नाही. त्यानेच त्यांना नेमकं बोलता आलं. शब्दाला शब्द परत करत बसणं मात्र टाळा. "म्हणजे तुम्हाला झोप येत नाही" असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर माणूस चिडतो, आणि बरोबरच आहे त्याचं. आपल्या पद्धतीचं असं पोपटपंचीत रूपांतर झालेलं रॉजर्स यांनाही आवडलं नव्हतं.

भाषेचं. रावेर-यावलकडे लेवा बोली, धुळे-अमळनेर-साक्रीकडे अहिराणी, सातपुड्यात भिली आणि पावरी. माणूस तुमच्यापुढे आला की प्रमाण मराठीत बोलायला जातो आणि दुःखाचे अर्धे शब्द बाहेरच राहतात. सांगून टाका: "तुम्ही घरी बोलता तसंच बोला. नाही कळलं तर मी विचारेन." "मना जीव लागत नही" या वाक्यात जे आहे, ते 'नैराश्याची लक्षणं' म्हणून फाइलीत लिहा हवं तर, पण बोलताना त्यांचेच शब्द वापरा. तुम्हाला बोली येत नसेल तर उसनी बोलू नका. नक्कल केल्यासारखी वाटते. पावरी बोलणाऱ्यांसाठी दुभाषी लागला तर नातेवाईक शक्यतो नको. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंना विचारता येईल, पण त्या त्याच पाड्यावर राहतात हे लक्षात ठेवून आणि त्या व्यक्तीच्या परवानगीने.

बिनशर्त स्वीकाराची परीक्षा सोप्या माणसांपुढे होत नाही. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा माणूस समोर बसला की कळतं. स्वीकार त्या माणसाचा करायचा, मारहाणीचा नाही. "तुम्ही हात उचलता हे मला चालण्यासारखं नाही, आणि तरी तुम्ही इथे आलात त्याची मला किंमत आहे," ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत. सच्चेपणा तो हाच. अशा जोडप्याला एकत्र बसवून 'तडजोड' मात्र घडवू नका. बाईची सुरक्षितता आधी, बाकी सगळं मागून.

जिवाचा प्रश्न विचारणं

झोप नाही, कर्ज आहे, बोलणं तुटक झालंय, असं दिसलं की विचारायचंच. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो हा गैरसमज आहे. आधी: "इतकं अंगावर आलं की कधी वाटतं का, जगूच नये?" उत्तर हो आलं तर घाबरून उपदेश करू नका. पुढे शांतपणे: "स्वतःला संपवायचं मनात येतं? काही ठरवलं होतं का? आज तसं वाटतंय का?"

बेत ठरलेला असेल तर तुमची भेट पन्नास मिनिटांत संपत नाही. त्यांच्या संमतीने घरचा एक भरवशाचा माणूस बोलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवा, एकटं सोडू नका. संमती मिळाली नाही आणि धोका टळलेला नसेल, तर सुरुवातीला सांगून ठेवलेला अपवाद इथेच लागू होतो. शेतकऱ्याच्या घरी एक गोष्ट हमखास करा: फवारणीची औषधं घरातून बाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. हाताशी साधन नसणं हा जीव वाचवणारा उपाय आहे. बिकट वेळ अनेकदा काही तासांची असते. घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळत असतील तर सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिच्यावर उपचार करणं आणि तिला आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आता तंत्र

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एकत्र ठरवा. १९७९ साली एडवर्ड बोर्डिन यांनी कामाच्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. मी नव्यांना हेच तपासायला सांगते. काम अडलं की तिन्हींतलं काय निसटलं ते बघा. बहुतेकदा तुमचं उद्दिष्ट आणि त्यांचं उद्दिष्ट वेगळं असतं. तुम्हाला त्यांचं नैराश्य घालवायचंय. त्यांना लग्नापर्यंत झोप हवीय. झोपेपासून सुरू करा.

मग पर्याय पुढे ठेवा: "दोन-तीन वाटा आहेत. एक, छाती दाटली की करायचा श्वासाचा सराव. दुसरी, दिवसभरात बंद पडलेली कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. तिसरी, घरात कुणाला किती सांगायचं, ते इथे बसून ठरवायचं. कुठली बरी वाटते?" त्यांनी चौथीच सांगितली तर उत्तम.

श्वासाचा सराव तिथेच खुर्चीत करून घ्या. घरी करा म्हणून सोडलेला कुणी करत नाही. कामं पुन्हा सुरू करताना त्यांच्या दिवसात बसतील अशीच निवडा. मॉर्निंग वॉकचं नाव काढू नका, ते पहाटेपासून शेतातच चालतात. पण पारावर बसणं बंद झालं असेल तर आठवड्यातून दोनदा तिथे जाणं हे काम आहे. विचारांची नोंद लिहायला लावण्याआधी लिहिण्याची सवय आहे का विचारा; नसेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करता येतं. आणि विचार तपासताना भान ठेवा. "मी बाप म्हणून नालायक आहे" हा विचार तपासण्यासारखा आहे. कर्जाचा आकडा हा अविवेकी विचार नसतो. तिथे बँकेत पुनर्गठनाची चौकशी, विम्याच्या दाव्याची कागदपत्रं, अशा व्यवहाराच्या गोष्टींची यादी करायला मदत करणं हेही समुपदेशनच.

शरीर विसरू नका. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, बी-१२ यांच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारा. नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल बराच आढळतो. थकवा आणि अंगदुखी म्हणजे मनाचंच दुखणं, असं धरून चालू नका. भास होत असतील, दिवसेंदिवस झोप न लागता उत्साह उतू जात असेल, दारू एकदम बंद केल्यावर थरथर सुरू झाली असेल, तर तो तुमचा प्रांत नाही. आजच डॉक्टरांकडे.

आणि देवाधर्माचं. कानबाईचा रोट, सप्तशृंगीची पायी वारी, भगताकडचा अंगारा हे सगळं तुमच्या आधीपासून त्या घरात आहे. त्याने बळ मिळत असेल तर ते बळच. "ते पण करा, गोळ्याही चालू ठेवा" एवढं बोलणं पुष्कळ. भगत मारहाण करत असेल, चटके देत असेल, औषध बंद करायला सांगत असेल, तर मात्र मवाळपणा नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

मधूनमधून विचारणं

तीन-चार भेटींनी विचारा की याचा उपयोग होतोय का. उत्तर येईल, "हो मॅडम, छान वाटतं." ते खरं असेलच असं नाही, आपल्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. म्हणून प्रश्न फिरवा: "इथे आपण जे बोलतो त्यातलं काय निरुपयोगी वाटतं?" किंवा "मागच्या वेळी घरी जाताना काही खटकलं का?" नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली वापरायची तर वाचून दाखवा, बेरीज त्यांनाही सांगा, फाइलीत लपवलेला आकडा काय कामाचा.

लहान गावातल्या मर्यादा

तुमच्याकडे येणारे तुम्हाला लग्नात भेटतील, तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिका असतील. पहिल्या भेटीतच ठरवा: "बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवली तर आनंदच." जवळच्या नात्यातल्यांना दुसऱ्याकडे पाठवा. व्हॉट्सअॅप फक्त वेळ ठरवण्यापुरतं. फी आधी सांगा आणि घ्या. परवडत नसेल तर कमी करा, पण घडाभर केळी किंवा तुपाचा डबा फी म्हणून स्वीकारू नका. शेवटच्या भेटीला प्रेमाने आणलेली केळीची फणी घ्यायची की नाही, हे तुमच्या मार्गदर्शकाशी बोलून ठरवा.

मार्गदर्शक हवाच. इथे ज्येष्ठ समुपदेशक कमी आहेत, म्हणून नाशिक-पुण्याच्या कुणाशी महिन्यातून दोनदा ऑनलाइन बसायचं ठरवा, नाव-गाव वगळून. जळगाव-भुसावळ-धुळ्यातल्या चार-पाच नव्यांनी महिन्याला एकत्र भेटणंही जमण्यासारखं आहे. रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासायला सुरुवात केली होती. तुम्हीही लेखी परवानगी घेऊन एखादी भेट रेकॉर्ड करा आणि स्वतः किती बोललात तेवढंच आधी मोजा.

काम संपवायची बोलणी दोन भेटी आधी सुरू करा. हंगाम लागला की माणसं न सांगता यायची थांबतात. कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला गेलेल्याला 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारू नका. एक फोन करा, वाट मोकळी आहे एवढं सांगा, आणि फाइल पुढच्या सहा महिन्यांसाठी कुलपाच्या कपाटात वेगळ्या खणात ठेवा.